चार संडासांचे दादूस

खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "सकालची सवय तुना किती वाजताची हाय?"

माझे सासरे शेजारीच उभे होते. लग्न नुकतंच झालेलं. घरमालक गाव विचारतात, जात आडून आडून काढून घेतात, माणसं किती म्हणून विचारतात, अशा सगळ्या तयारीने मी गेले होते. या प्रश्नाची तयारी कुठून असणार? माझे कान तापले, सासऱ्यांनी समोरच्या कंपनीच्या धुराड्याकडे टक लावली आणि नवरा उगाचच खोकला. घरमालकांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. उघडं अंग, खांद्यावर टॉवेल, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"लाजू नको, बाय. माज्या चालीन बायांसाठी चार संडास हायेत. चारीला पानी हाय. पोटान कल आली का उठायाचा नि जायाचा. थांबवून ठेवायाचा नाय. कबूल हाय तं सामान आना."

मी मान खाली घालूनच कबूल म्हटलं. भाडं वगैरे त्यानंतर ठरलं.

माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प चारचं. तिथे आमच्या ब्लॉकमध्ये कितीतरी कुटुंबांत एक संडास होता. पहाटे उठून रांगेत जावं तर शेजारची सिंधी काकी बादली घेऊन आधीच उभी, आणि आत तिचा मुलगा. "अरे जल्दी कर, सब लोग खड़ा है!" हे तिचं ओरडणं ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळे बायांसाठी चार, आणि चारीला पाणी, हे ऐकून मला मनातून श्रीमंतच झाल्यासारखं वाटलं होतं. नवऱ्याने मात्र सामान लावता लावता भीत भीत विचारलं, "आणि पुरुषांसाठी?"

"बाप्यांना कंपनीन हाय. कंपनी बंद असंल तं वरकस हाय," घरमालक म्हणाले, आणि विषय संपला.

अंबरनाथजवळच्या या मोरिवली गावात सगळे त्यांना दादूस म्हणत. आगरी बोलीत दादूस म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणायला लागले, जरी वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते. गावाच्या कडेला, जिथे घरं संपतात आणि कंपन्यांच्या भिंती सुरू होतात, तिथे त्यांची पत्र्याची चाळ होती. पुढे खोल्या, मागे एका ओळीत ते चार संडास, बाजूला विहीर आणि विहिरीच्या वर चढण. त्या चढणीलाच ते वरकस म्हणत. भातखाचरं नाहीत, नुसतं गवत आणि नाचणी निघेल अशी ती जमीन. दादूसच्या वडिलांची खाली चांगली भातशेती होती, ती सगळी औद्योगिक वसाहतीत गेली. कंपनीच्या भिंतीबाहेर राहिली ती ही एवढी उतरती पट्टी.

दादूस ते संडास स्वतः धूत. भंगीकाम, हलकं काम असलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. पहाटे पाइप लावून, खराट्याने घासून, फिनेल टाकून चारी दारं उघडी ठेवत, आणि मग एक लाकडी खुर्ची आणून चाळीच्या तोंडाशी बसत. पाठ संडासांकडे आणि तोंड रस्त्याकडे. मांडीवर काठी. बायांचं आटपेपर्यंत तिकडे कोणी पुरुष फिरकला की काठी उचलली जायची. एकदा आमचाच एक भाडेकरू, पोट बिघडलं म्हणून गयावया करत आला. दादूसनी त्याच्या हातात टमरेल दिलं आणि काठीने चढण दाखवली. "आपलीच जागा हाय, जा. मोकला वारा हाय."

स्वतःही ते तिथेच जात. सगळ्या बाया आटोपल्या, की खुर्ची आत ठेवून, टमरेल घेऊन दादूस चढण चढायचे. त्यांना तिथे फार वेळ लागायचा. आम्ही बाया त्यावरून चेष्टा करायचो. पण मी एकदा खिडकीतून पाहिलं, तर ते उठून उभे होते आणि भिंतीपलीकडे, कंपनीच्या पत्र्यांच्या छपरांकडे बघत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "आमचा कोलंब भाताचा शेत व्हता तय. खाली बसला का भित दिसते. उभा रायला का शेताची जागा दिसते." रिकाम्या हाताने रोज कोण बघायला जाणार? टमरेल हातात असलं की माणसाला कुठेही जाता येतं, कोणी विचारत नाही.

कंपन्यांवर त्यांचा राग उभ्या जन्माचा. हवेत वास आला की नाक वर करून सांगत, "कांदा कुजल्यासारका हाय ना? पयल्या गल्लीच्या कंपनीवाल्यानं सोरला." नाल्याचं पाणी कधी पिवळं, कधी जांभळं यायचं, त्याच्या काठाशी उभं राहून ते शिव्या घालत. जगातली सगळी घाण त्या भिंतीच्या पलीकडून येते, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि जे भिंतीच्या अलीकडे, ते सगळं चांगलं. त्यातही त्यांची विहीर. "नदी घालवली, नाला घालवला, पन आपली बाव गोर हाय!" नळाला पाणी नसेल त्या दिवशी सगळी चाळ विहिरीचंच पाणी पीत असे. मी ते उकळून घ्यायचे. यावरून दादूसनी मला फार छळलं. "गोर पानी जालून पितेस, बाय! शालेतली मास्तरीण तू, तुना चव कशी कललं!"

मी तेव्हा अंबरनाथला एका शाळेत शिकवत होते आणि तोंडाने फटकळ होते, अजून आहे. मी म्हणायचे, "दादूस, बायांसाठी एवढं करता आणि बाप्यांना वर पाठवता. माशीला बाई कोण नि बाप्या कोण ते कळतं का?"

ते खदखदून हसायचे. "माशीची शाला भरव तू. बाप्याचा काय, बाप्या कुठंपन बसतो. कंपनीचा जहर खाऊन जगलू आमी, माशीचा काय सांगतेस!"

मला दिवस गेले तेव्हा माझ्या मागच्या अंगणातल्या फेऱ्या वाढल्या. दादूसनी न सांगता संडासांच्या वाटेवर फरश्या टाकल्या, म्हणजे माझा पाय घसरायला नको. तेव्हाच एका दुपारी ओट्यावर बसून त्यांनी मला त्यांच्या बायकोची गोष्ट सांगितली. एकदाच. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही.

शेतं होती तोवर बायांना अडचण नव्हती. बांध होते, झाडी होती, पहाटेचा अंधार होता. मग भिंती आल्या. झाडी गेली. उरली रस्त्याची कड. आणि कंपनीचं फाटक उघडायची वाट बघत तिथे ट्रकची रांग लागायची.

"लायटी परल्या का उठायाचा," दादूस म्हणाले. "लायटी गेल्या का बसायाचा. परत गारी आली का परत उठायाचा. रोज. आमची बायकू लाजरी. ती म्हनली, जाऊ दे, नायच जात. मंग पानीच पीत नव्हती ती. उनातानान काम करायाची नि पानी नाय प्यायाची. आतून सरली. मूतपिंड गेलं म्हनलं डॉक्टर. मना काय म्हाईत? मी बाप्या. मी जायाचो वरकसावर, यायाचो. मना कवा कललाच नाय का ती थांबवून ठेवते."

ती गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे चार संडास बांधण्याचं. घराला तेव्हा छप्पर नीट नव्हतं, पण संडासांना फरशी होती. गावातले लोक हसले. म्हणाले, बायकोचं स्मारक बघा. दादूसना ते ऐकू आलं होतं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, आणि त्या दुपारनंतर मलाही कधी वाटलं नाही.

ते दिवस नगरपालिकेची पथकं शिट्ट्या घेऊन फिरण्याचे होते. उघड्यावर बसणाऱ्याला पकडायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा. एका सकाळी दादूसच त्यांच्या हाती लागले. टमरेलासकट त्यांना खाली आणलं, गुलाब दिला आणि शपथ घ्या म्हणून सांगितलं. अख्खी चाळ दारात उभी. दादूसनी गुलाब घेतला, पथकातल्या साहेबांना हाताला धरून चाळीच्या मागे नेलं आणि चारी दारं उघडून दाखवली. आत चूळ भरावी इतकं स्वच्छ.

"मी चार बांधलं बायांसाठी. तुमी किती बांधलं?"

जाता जाता साहेब म्हणाले, "मग तुम्ही का जात नाही यात?"

"बायांचा हाय त्यो," दादूस म्हणाले. माणसाला एवढंही कळू नये, अशा आवाजात. आणि तो गुलाब त्यांनी नातीच्या केसांत खोचला.

नातीबद्दल सांगायचं मी लांबवत होते. सुनेची मुलगी, दादूसच्या घरातलं पहिलं लेकरू. चालायला लागली तशी आजोबांच्या पहाटेच्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसायला लागली. त्यांची पाठ संडासांकडे, पण हिचं तोंड तिकडे. बाई बाहेर आली की ही ओरडायची, "हात धुवा!" आम्ही मुद्दाम न धुता पुढे जायचं नाटक करायचो, मग ती पाट सोडून मागे धावायची. दादूस पुढे बघतच म्हणायचे, "धुतला काय गं?" ती म्हणायची, "धुतला, बाबा." तो सगळा कारभार दोघांचा होता.

ती साडेचार वर्षांची असताना, ऐन पावसाळ्यात, चाळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाऊस कित्येक दिवस उघडला नव्हता. नळाला गढूळ पाणी येत होतं, म्हणून दादूस सगळ्यांना हट्टाने विहिरीचं पाणी देत होते. नातीला तर दर वेळी पोहऱ्याने उपसून, ताजं. कडेच्या खोलीतली दोन मुलं आजारी पडली आणि बरी झाली. मग ती पडली. सकाळी ओठ कोरडे, दुपारपर्यंत डोळे आत गेलेले. रिक्षातून दवाखान्यात नेताना दादूसनी तिला मांडीवर घेतलं होतं, आणि ती अर्धवट शुद्धीत पाणी मागत होती. त्यांनी बरोबर बाटली घेतली होती. विहिरीची. त्यांनी तिला ते पाणी पाजलं.

ती परत आली नाही.

तिसऱ्या दिवशी दादूस विहिरीच्या पाण्याची बाटली भरून कंपनीच्या फाटकावर गेले. नाल्यातलं जहर आता विहिरीतही उतरलं, असं त्यांचं म्हणणं. "माज्या पोरीला मारलीत तुमी!" एवढंच ते ओरडत होते, आवाज फाटेपर्यंत. गावातली माणसं जमली, माझा नवरा तर त्याच कंपनीत कामाला, तोही बाहेर येऊन त्यांच्या बाजूने उभा राहिला. आम्हा सगळ्यांचीच खात्री होती. नाल्याचा रंग रोज बघत होतो ना आम्ही.

त्या गडबडीमुळे आरोग्य खात्याची माणसं आली. बरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी घरोघर गोळ्या दिल्या, विहिरीचं पाणी आत औषध लावलेल्या एका छोट्या बाटलीत भरून झाकण लावलं आणि ती ओट्यावर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी बघू म्हणाल्या. दादूस रात्रभर त्या बाटलीपाशी बसले असावेत. सकाळी त्या आल्या तेव्हा बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

दादूसनी ती बाटली हातात घेऊन उंच धरली. "बगा! बगा सगल्यांनी! काला! मी सांगत नव्हतू? केमिकल हाय ह्या!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली बसवलं. वयाने लहान होत्या, पण आवाज शांत होता. म्हणाल्या, "काका, केमिकल तपासायचं ते वेगळं असतं, त्याला वेगळी सोय लागते. ही बाटली त्याने काळी होत नाही. ही काळी होते ती माणसाच्या मैल्याने."

त्या उठल्या, विहिरीपाशी गेल्या, वर चढणीकडे पाहिलं. पावसाचं पाणी गवतातून ओहळ करून थेट विहिरीच्या काठाशी उतरत होतं. ते आम्ही सगळे वर्षानुवर्षं बघत होतो.

"विहिरीच्या वर कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

चाळीतले सगळे पुरुष तिथे होते. सगळेच जायचे, माझा नवरासुद्धा रविवारी जायचा. प्रत्येकाने मान खाली घातली. दादूस तेवढे वर बघत होते.

"मी," ते म्हणाले. "मी बसतो."

त्यांची सून दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दादूसनी विहिरीवर फळ्या ठोकल्या. चारातले दोन संडास पुरुषांना दिले, आणि चढणीला काट्याचं कुंपण घातलं. तिकडे ते पुन्हा गेले नाहीत. पहाटे खुर्ची टाकणंही बंद झालं. जो माणूस तासन् तास बोलायचा, तो दोन शब्दांवर आला. आणि जेवण तुटलं. आधी मासळी सोडली, मग रात्रीचं ताट. सगळ्यांना वाटलं दुःख आहे, होईल कमी. दुःख वर्षानुवर्षं तेवढंच राहतं आणि माणूसच कमी होत जातो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

आम्ही पुढे बदलापूरला फ्लॅट घेतला. मुलाची शाळा, माझी शाळा, येणं-जाणं राहिलं नाही. दादूसच्या मुलाने चाळ पाडून बिल्डिंग बांधल्याचं ऐकलं होतं. यंदा त्यांच्या सुनेचा फोन आला. "बाई, तुमी एकदा या. बाबा काय खायत नाय. तुमचा ऐकतील."

मी बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकरी घेऊन गेले. लिफ्ट होती, गुळगुळीत फरश्या होत्या. दादूसच्या खोलीलाच लागून त्यांचं स्वतःचं न्हाणीघर-संडास, पांढऱ्या टाइल्सचं. कॉटवर ते एवढेसे झाले होते. लुंगीतून गुडघे तेवढे दिसत होते. मला ओळखलं त्यांनी.

"बाय, पानी जालतेस ना अजून?"

"जाळते, दादूस."

"जाल. जाल."

मी भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यांनी हाताने बाजूला सारला. मी रागावले, चेष्टा केली, लहान मुलासारखं मनवलं. शेवटी ते म्हणाले, अगदी साधेपणाने, वर्षानुवर्षांचा हिशेब सांगावा तसे, "खाल्ला का जावा लागतं. तय बसलू का ती पानी मागते. मंग मी कमती खातू. कमती खाल्ला तं कमती जावा लागतं."

मी स्वयंपाकघरात आले. सून भात वाढत होती. डोळे पुसून मी तिला म्हटलं, "अगं, तू एकदा म्हण ना त्यांना, तुमची चूक नव्हती म्हणून. ते फक्त तुझ्या तोंडून ऐकायची वाट बघताहेत."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "सगलीच सांगतात मना. नवरा सांगतो, नणंद सांगते. बाई, मी त्यांची भांडी घासते, चादरी धुते, अंग पुसते. त्यांना काय कमी परू देत नाय. पन ह्या खोटा मी कशी बोलू? माजी पोर गेली."

ती ज्याला खोटं म्हणत होती ते पूर्ण खोटं नव्हतं, आणि मी ज्याला खरं म्हणत होते तेही पूर्ण खरं नव्हतं.

तिने भात घेतला, वर कालवण घातलं, माझ्या भाकरीचा चुरा त्यात कुस्करला आणि ताट घेऊन खोलीत गेली. मी दारात उभी राहिले. ती कॉटवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत ती त्यांच्या इतकी जवळ बसली नसावी, कारण दादूस दचकले.

"बाबा, इकरं बगा," ती म्हणाली. "चूक नव्हती असा मी म्हननार नाय. व्हती. मी मरेपरेंत म्हननार नाय. पन माज्या घरान उपाशी कोन मरायाचा नाय. पोर गेली तेवरा बास हाय मना. तोंड उघरा."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिचा हात घास घेऊन तसाच थांबला होता, खाली येत नव्हता. मग त्यांनी तोंड उघडलं.

तो घास गिळायला त्यांना फार वेळ लागला. गिळता गिळता ते रडत होते, मोठ्याने, तोंडात भात तसाच. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि दुसरा घास केला. ती रडत नव्हती. ताट संपेपर्यंत तिचा हात थांबला नाही. मी चप्पल घालून हळूच निघून आले.

त्यानंतर ती मला अधूनमधून फोन करी. आज अर्धी भाकरी, आज वाटीभर भात, आज कालवण मागितलं. बाकी काही ती सांगत नसे. गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांनी सकाळी सकाळी फोन वाजला.

"गेलं, बाई," ती म्हणाली. "आताच गेलं. राती माज्या हातचा जेवलं व्हतं. पोटान अन्न व्हता त्यांच्या."